स्मरणिकेतून विकिपीडियावर: लेख उडू नये म्हणून कोणते काम आधी, कोणते नंतर

फोंडा तालुक्यातल्या वाचनालयांत मराठी विकिपीडियाच्या बैठका घेते, तेव्हा निम्म्या लोकांची तक्रार एकच असते. "दोन दिवस खपून टाइप केलं, आणि सकाळी बघतो तर पानच नाही." विषय बरा असतो, मजकूर खराही असतो. चुकतो तो क्रम. आधी टाइप करायचे, मग संदर्भ शोधायचे, आणि हे आपल्याला वापरता येते का हा प्रश्न काढून टाकल्याची सूचना आल्यावर विचारायचा.

माझाही पहिला लेख असाच गेला. गावच्या देवस्थानाची स्मरणिका मांडीवर उघडी ठेवून चौदाव्या पानावरचा इतिहास मी स्वल्पविरामासकट उतरवला होता. खाली 'संदर्भ: स्मरणिका' असे लिहिलेही होते. संदर्भ दिला म्हणजे परवानगी मिळाली, अशी माझी समजूत. संदर्भ सांगतो की माहिती कुठून आली. शब्द वापरायचा हक्क त्यातून मिळत नाही.

विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० या परवान्याखाली जातो. श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून कोणीही तो छापावा, बदलावा, विकावा. 'प्रकाशित करा' दाबताना ही मुभा जगाला देणारे तुम्ही असता. शेजाऱ्याच्या कुळागरातली सुपारी आपण दान कशी करणार?

## पायरी १: टेबलावर तीन गठ्ठे

खाते उघडण्याआधीचे हे काम आहे आणि सगळ्यांत जास्त वेळ याला द्या. जवळ असलेले सगळे साहित्य समोर मांडा: पुस्तके, स्मरणिका, कात्रणे, फोटो, फोनमध्ये फिरत आलेल्या पीडीएफ. प्रत्येकाला एक चिठ्ठी लावा. कोणी लिहिले, कधी छापले, लेखक हयात आहे का, नसल्यास कोणत्या साली वारला. मग तीन गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा: मुदत संपलेले. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. शणै गोंयबाब १९४६ साली वारले, त्यांचे लेखन २००६ अखेर मुक्त झाले. धर्मानंद कोसंबी १९४७ साली गेले, म्हणजे २००७ अखेर. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी १९६६ चे, त्यांची मुदत २०२६ च्या ३१ डिसेंबरपर्यंत. बाकीबाब बोरकर १९८४ साली गेले. त्यांची अख्खी कविता लेखात घालायची तर १ जानेवारी २०४५ उजाडावा लागेल. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या लेखनाची ६० वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात.

लेखकाचे नाव नसलेल्या मजकुरालाही प्रकाशनापासून ६० वर्षे. १९७८ च्या स्मरणिकेतला निनावी इतिहास २०३८ अखेरपर्यंत बंद. "नाव नाही म्हणजे मालक नाही" हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती हाही एक सापळा. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्या ओव्यांवर आज कोणाचाच हक्क नाही. पण आपल्या हातात असते ती गेल्या काही वर्षांतली आवृत्ती. तिची प्रस्तावना, टिपा, अर्थ हे त्या संपादकाचे.

दुसरा गठ्ठा: मालकाने परवाना देऊन मोकळे केलेले. गोव्यातले ठळक उदाहरण म्हणजे कोकणी विश्वकोश. गोवा विद्यापीठाने त्याचे चार खंड २०१३ साली क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ३.० खाली खुले केले. त्यातली नोंद मराठीत आणता येते, श्रेय स्पष्ट देऊन. मात्र परवान्याचे नाव शेवटपर्यंत वाचा. 'नॉन-कमर्शियल' किंवा 'नो-डेरिव्हेटिव्ह' असे शब्द असतील तर ते साहित्य विकिपीडियाला चालत नाही.

तिसरा गठ्ठा: बंद. उरलेले सगळे. वृत्तपत्रांचे लेख, संकेतस्थळे, हयात लेखकांची पुस्तके. हा गठ्ठा फेकायचा नाही. माहिती इथूनच येणार आहे, फक्त वाक्ये नाहीत.

सरकारी संकेतस्थळे लोक डोळे मिटून पहिल्या गठ्ठ्यात टाकतात. सरकारी प्रकाशनांवरही ६० वर्षांचा प्रताधिकार असतो. राजपत्रात छापलेल्या मजकुराला आणि न्यायालयाच्या निकालांना याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. त्यातही विधिमंडळाचा कायदा जसाच्या तसा छापायला अट आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकाला तर सूट नाहीच.

तपासणी: एखाद्या कागदाची चिठ्ठी भरता येत नसेल तर तो तिसऱ्या गठ्ठ्यात. शंकेचा फायदा स्वतःला देऊ नका.

## पायरी २: खाते आणि धूळपाटी

यात फार काही नाही. खाते व्यक्तीचे असावे. 'अमुक देवस्थान समिती' किंवा 'तमुक विद्यालय' या नावाने उघडू नका. समितीवर असाल तर सदस्य पानावर तसे एका ओळीत लिहा. लेखासाठी पैसे मिळत असतील तर ते जाहीर करणे वापराच्या अटींनुसार सक्तीचे आहे. मग धूळपाटी, म्हणजे खात्यासोबतचे सरावाचे पान, उघडा आणि कच्चे काम तिथे करा.

सावधान: धूळपाटीलाही प्रताधिकार लागू आहे. "तात्पुरतं चिकटवून ठेवते, मग बदलते" असे म्हणत स्मरणिकेची चार पाने तिथे टाकणारे लोक मी बघितले आहेत. तुमची धूळपाटीही सार्वजनिक पान असते आणि प्रत्येक जतन इतिहासात राहते. चिकटवायचेच असेल तर स्वतःच्या संगणकावर.

## पायरी ३: टिपण काढा, पुस्तक मिटा

तथ्यावर कोणाची मालकी नसते. सन, गाव, लांबी, रुंदी, कोण कोणाचा मुलगा, हे सगळ्यांचे. मालकी असते ती सांगण्याच्या ढंगावर: शब्द, वाक्यांचा क्रम, कुठला तपशील घेतला आणि कुठला सोडला यावर.

म्हणून टिपण काढताना पूर्ण वाक्य लिहायचेच नाही. एका ओळीत एक तथ्य, शेजारी पान क्रमांक. मग पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवा, शक्य असेल तर लेखन दुसऱ्या दिवशी करा.

फरक दाखवते. स्मरणिकांच्या वळणाचे एक वाक्य मीच तयार केले आहे:

"कुशस्थळीहून अपार श्रद्धेने आणि अतुलनीय धैर्याने भक्तगणांनी १५६० साली श्रींचे लिंग प्रियोळच्या निसर्गरम्य भूमीत आणून त्याची पुनश्च प्रतिष्ठापना केली."

बैठकीत याचे सर्वसाधारणपणे असे होते: "कुशस्थळीवरून मोठ्या श्रद्धेने व असामान्य धाडसाने भाविकांनी १५६० मध्ये देवाचे लिंग प्रियोळच्या रम्य परिसरात आणून त्याची पुन्हा स्थापना केली." शब्द बदलले, सांगाडा तोच राहिला. लिहिणाऱ्याला वाटते आपण स्वतः लिहिले. तपासणाऱ्याला दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली की लगेच दिसते.

टिपणात असायला हवे होते ते एवढेच: मूळ जागा कुशस्थळी, आजचे कुठ्ठाळी. सन १५६०. नवी जागा प्रियोळ. मग दुसऱ्या पुस्तकातून एक भर: फोंड्याचा हा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. आता पुस्तक मिटून:

"मंगेशीचे मूळ मंदिर कुठ्ठाळी, म्हणजे जुन्या कुशस्थळी येथे होते. १५६० मध्ये देव जुवारीपलीकडे प्रियोळला हलवण्यात आला. हा प्रदेश त्या काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता."

श्रद्धा आणि धैर्य गेले, कारण ती विशेषणे होती. उलट देव तिथेच का नेला, हे वाचकाला कळले. दोन पुस्तके एकत्र वाचल्याशिवाय असे वाक्य तयार होत नाही, म्हणून एकाच स्रोतावर अख्खा लेख उभा करू नये.

एखादे वाक्य शब्दशः हवेच असेल, तर ते छोटे असावे, अवतरणात असावे, आणि लगेच पुढे संदर्भ असावा. अर्धे पान अवतरणात टाकणे ही पळवाट आहे, आणि ती प्रचालकांना, म्हणजे पाने काढण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांना, ठाऊक आहे.

तपासणी: लेखातला कुठलाही परिच्छेद मोठ्याने वाचा. तो तुमच्या तोंडचा वाटतो की अध्यक्षीय भाषणाचा?

## पायरी ४: भाषांतर करत असाल तर

"मी स्वतः भाषांतर केलंय, म्हणजे माझंच की." नाही. भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो. पोर्तुगीज किंवा इंग्रजी पुस्तकाचे प्रकरण मराठीत आणले तर मेहनत तुमची, पण मूळ पुस्तक तिसऱ्या गठ्ठ्यात असेल तर ते इथे घालता येत नाही.

दुसऱ्या भाषेच्या विकिपीडियावरून आणायला पूर्ण मुभा आहे. गोंयची कोंकणी विकिपीडिया २०१५ पासून आहे, तिच्यातला लेख मराठीत आणता येतो. मात्र श्रेय द्यावे लागते. पहिल्याच जतनाच्या वेळी संपादन सारांशात 'अमुक भाषेच्या विकिपीडियावरील तमुक लेखाचे भाषांतर' असे दुव्यासह लिहा. विकिपीडियाचे भाषांतर साधन वापरले तर ती नोंद आपोआप होते. विसरलात तर पुढच्या एखाद्या छोट्या संपादनात सारांश लिहून चूक दुरुस्त करता येते.

तिकडचे संदर्भही उघडून बघा. मूळ लेखातच कोणी चोरीचा मजकूर घातला असेल, तर भाषांतरातून तुम्ही तो इकडे आणता. आणि यंत्राने केलेले भाषांतर न वाचता टाकू नका. आमच्या एका बैठकीत 'पाव' हा शब्द पाउंड होऊन आला होता.

## पायरी ५: काय लिहावे, काय वगळावे

मजकूर तुमचा असला तरी तो विश्वकोशाला चालेल असे नाही. गोव्यातल्या लेखांत चार ठिकाणी घसरण होते.

उल्लेखनीयता. विषयाबद्दल त्याच्याशी संबंध नसलेल्या कोणीतरी सविस्तर लिहिलेले असावे. देवस्थानाची स्मरणिका ही देवस्थाननेच काढलेली. तिच्यातून सन घेता येईल, पण ती एकटी पुरत नाही. पणजीला पाटो येथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे जुनी वृत्तपत्रे आणि गोव्याविषयीची पुस्तके चाळता येतात. एक दिवस काढा. स्वतंत्र स्रोत सापडत नसेल तर स्वतंत्र लेखाचा हट्ट सोडा आणि गावाच्या लेखात दोन ओळी घाला.

मूळ संशोधन. "माझी आजी सांगायची" याला इथे जागा नाही, कितीही खरे असो. धालो या बायकांच्या लोकनृत्याची गाणी, जागोर या लोकनाट्याच्या कथा, देवतेच्या रुसव्याफुगव्याच्या गोष्टी कोणीतरी छापून ठेवल्या असतील तरच त्या येतात, त्याही "अशी स्थानिक आख्यायिका आहे" या रूपात. आजीच्या गोष्टी कुठल्या तरी मासिकाला द्या. त्या छापून आल्या की दुसरा कोणीतरी त्यांचा संदर्भ देईल.

सूर. 'जागृत', 'सुप्रसिद्ध', 'नवसाला पावणारे', 'थोर' हे शब्द शोधून काढा. 'श्री', 'परमपूज्य', 'आदरणीय' हेही. भाषावादाच्या विषयावर लिहीत असाल तर दोन्ही बाजूंचे म्हणणे त्यांच्या त्यांच्या संदर्भांसह मांडा. लेखकाचा कल मराठीकडे की कोंकणीकडे हे वाचकाला ओळखता आले, तर परिच्छेद पुन्हा लिहा.

हयात व्यक्ती. आरोप, खटला, घरगुती भानगड यांना भक्कम संदर्भ नसेल तर ती ओळ एक मिनिटही ठेवू नका. स्तुतीलाही संदर्भ लागतोच.

## पायरी ६: फोटो

फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त फोटो-फाइलींच्या भांडारात, चढवायचे, आणि तिथे 'स्वतःचे काम' हा पर्याय लोक सवयीने निवडतात. फोटो ज्याने टिपला त्याचा. फोटोत तुम्ही आहात म्हणून तो तुमचा होत नाही, आणि व्हॉट्सॲपवर आला म्हणून तर मुळीच नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतला कॅमेऱ्याचा तपशील पुसला गेलेला असतो, त्यामुळे तुम्ही स्वतः काढला असला तरी संशय येतो. कॅमेऱ्यातली मूळ फाइल चढवा.

स्टुडिओला पैसे देऊन काढवून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याच्या मालकीचा, असे आपला कायदा सांगतो. आजोबांचा स्टुडिओतला फोटो म्हणजे त्यांच्या वारसांचा. पण हे पटवून द्यावे लागते.

इमारती आणि पुतळे यांचे उत्तर पणजीत फिरताना मिळते. जुन्या सचिवालयाशेजारचा अबे फारियांचा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवला. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला कलम ५२ मुभा देते. चार्ल्स कोरिया यांनी उभारलेल्या कला अकादमीच्या वास्तूचा फोटोही चालतो. पण त्याच अकादमीच्या नाट्यगृहातल्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी प्रेक्षक रंगवले. चित्राला ती मुभा नाही. मारियो २०११ साली गेले, म्हणून त्यांच्या चित्रांवरचा प्रताधिकार २०७१ अखेरपर्यंत. एकाच इमारतीचा बाहेरचा फोटो चालतो, आतला उडतो. भिंतीभिंतींवर दिसणाऱ्या रंगीत चित्रांनाही हाच न्याय.

सावधान: १९५८ पूर्वीच्या भारतीय फोटोंसाठी कॉमन्सवर एक तयार साचा, म्हणजे परवान्याची आयती पट्टी, आहे. तो ब्रिटिश अमलातल्या १९११ च्या कायद्यावर बेतलेला आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, तेव्हा इथे काढलेल्या फोटोवर तो साचा आंधळेपणाने डकवू नका. छायाचित्रकार कोण, पहिल्यांदा कुठे छापला, हे लिहून कॉमन्सच्या मदत पानावर विचारा.

जुन्या पुस्तकाचे अख्खे स्कॅन चढवणार असाल तर आणखी एक हिशेब. कॉमन्सला अमेरिकेचा कायदाही पाळावा लागतो आणि तिथे बऱ्याच जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षे लागू होतात. १९४७ साली वारलेल्या लेखकाचे १९४० चे पुस्तक इथे २००८ लाच मुक्त झाले, तिथे ते २०३५ अखेरपर्यंत अडकलेले असू शकते.

## पायरी ७: परवानगी मागायची असेल तर

परवानगी प्रताधिकार ज्याचा आहे त्याच्याकडूनच. स्मरणिकेच्या बाबतीत समितीचे अध्यक्ष हसत हसत सही देतात, पण लेख लिहिणाऱ्याने हक्क लेखी दिले नसतील तर ते हक्क अजून लेखकाकडेच आहेत.

"विकिपीडियावर वापरायला हरकत नाही" हे वाक्य निरुपयोगी आहे. पत्रात चार गोष्टी हव्यात: नेमके कोणते साहित्य, सही करणारा हक्कदार कसा, परवान्याचे पूर्ण नाव, आणि कोणीही ते बदलू व विकूही शकेल आणि हा परवाना मागे घेता येणार नाही हे समजले असल्याची कबुली. शेवटचे कलम वाचून काही जण मागे फिरतात. फिरू द्यावे, नंतर भांडण होण्यापेक्षा ते बरे. हे पत्र हक्कदाराने स्वतःच्या मेलवरून विकिमीडियाच्या परवानगी तपासणाऱ्या व्हीआरटी गटाला पाठवायचे. तुम्हाला आलेला मेल तुम्ही पुढे ढकललात तर अडचण होते.

## पायरी ८: प्रकाशित केल्यावर

संपादन सारांश रिकामा ठेवू नका. पान आपल्या निरीक्षणसूचीत घाला आणि आठवडाभर रोज एकदा बघा.

प्रताधिकाराची सूचना लागली तर पहिल्या तासात काय करू नये तेच सांगते. सूचना काढू नका. तोच मजकूर पुन्हा चिकटवू नका. दुसरे खाते उघडून तर मुळीच चिकटवू नका, कारण मग मजकुराबरोबर तुम्हीही जाता. चर्चा पानावर लिहा: कोणता भाग कुठून आला, कोणता तुमचा. खरेच उतरवलेला भाग असेल तर सरळ कबूल करा आणि धूळपाटीत नव्याने लिहा, जुन्याला ठिगळे लावू नका. अडलात तर चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, विचारा. तिथली माणसे रागावतात कमी, मदत करतात जास्त.

आमच्या बैठकीला एक निवृत्त मास्तर येतात. आजोबांनी लिहिलेले गावच्या इतिहासाचे पुस्तक त्यांना सगळेच्या सगळे चढवायचे होते. "म्हजें पुस्तक, म्हाका कोण विचारतलो गो?" आजोबा १९७१ साली वारले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत हक्क वारसांचा, आणि वारस पाच. मास्तरांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "२०३२ मेरेन हांव रावतलों?" म्हणजे, २०३२ पर्यंत मी थांबू? मग कागद केला. चार सह्या झाल्या आहेत, पाचवे चुलतभाऊ परदेशात आहेत आणि त्यांना आधी परवान्याचे शेवटचे कलम नीट समजून हवे आहे. तोवर गावाच्या लेखात मास्तरांनी स्वतःच्या शब्दांत अकरा ओळी घातल्या आहेत, प्रत्येकीला आजोबांच्या पुस्तकाचा पान क्रमांक लावून.